वर्गातील प्रकट वाचन आणि ग्रंथनिवड : ठाणे–कल्याण परिसराच्या निमित्ताने

आपल्या शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत ‘प्रकट वाचन’ हा शब्द दोन अगदी भिन्न क्रियांसाठी वापरला जातो आणि त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. विद्यार्थ्याने उभे राहून क्रमिक पुस्तकातील उतारा मोठ्याने वाचणे ही एक क्रिया; शिक्षकाने एखादे पुस्तक हाती घेऊन ते सबंध वर्गास वाचून दाखविणे ही दुसरी. पहिलीत वाचणाऱ्याची परीक्षा असते. दुसरीत ऐकणाऱ्यास काही मिळावयाचे असते. पाठटाचणात दुसऱ्या क्रियेस ‘आदर्श वाचन’ असे भारदस्त नाव दिलेले आढळते. तथापि तेथेही ती पाच मिनिटांत आटोपते आणि पहिल्या क्रियेचा नमुना एवढेच तिचे कार्य उरते. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरी क्रिया हा आहे, आणि तीही बारा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या वर्गापुरती. अशा वर्गासाठी वाचून दाखविण्याचे पुस्तक कोणत्या कसोटीवर निवडावे हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनपद्धतीचा दिसतो. परंतु आज आपण जी कसोटी न बोलता मान्य करतो ती कोठून आली हे पाहू गेल्यास दोनशे वर्षे मागे जावे लागते.

मुद्रणापूर्वीच्या महाराष्ट्रात वाचन म्हणजे बहुधा ऐकणेच होते. हिशेबठिशेब व पत्रव्यवहार मोडीत चाले, आणि ते वाचन कामापुरते, मनातल्या मनात किंवा पुटपुटत होई. पोथी मात्र बालबोधीत असे आणि ती वाचावयाची ती दहा जणांपुढे. चातुर्मासात एखाद्या घरी किंवा देवळात ‘पोथी लागे’. अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधराने रचलेले ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ या व्यवहारातूनच घरोघर गेले. एकाने ओवी म्हणावी, त्यानेच किंवा दुसऱ्याने अर्थ सांगावा, कंटाळा आल्यास श्रोत्यांनी तसे दाखवावे, आवडलेला अध्याय पुन्हा लावावा. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या श्रोत्यांत निरक्षर असत, बायका असत, मुले असत; आणि ग्रंथ कोणाच्या वयास योग्य आहे हा प्रश्न कोणी विचारीत नसे. ग्रंथ ऐकवतो की नाही, हाच प्रश्न होता. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथसुद्धा या दृष्टीने पाहावा. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने संकलित केलेले ‘लीळाचरित्र’ हे ऐकलेल्या व आठवून सांगितलेल्या बोलण्याचे लेखन आहे. त्यातील आखूड वाक्ये व प्रश्नोत्तरे यांवर बोलण्याचाच ठसा उमटलेला आहे.

छापखाना आला तेव्हा शाळेसाठी ग्रंथ निवडण्याचा प्रश्न प्रथमच एका संस्थेपुढे उभा राहिला. १८२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने ‘पंचोपाख्यान’, ‘विदुरनीती’, ‘सिंहासन बत्तिशी’ असे जुने, कानाला परिचित ग्रंथ छापून आरंभ केला. पुढे मंडळीसाठी काम करणाऱ्या सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके दिली. ‘बाळमित्र’ हे बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचे इंग्रजीवरून केलेले भाषांतर होय. मुळातच त्यात संभाषणे व लहान नाट्यप्रसंग पुष्कळ होते. छत्र्यांचे मराठी साधे, वाहते आणि बोलण्यासारखे उतरले, याचे श्रेय छत्र्यांना आहेच. पण काही अंशी ते मूळ पुस्तकाच्या घडणीलाही दिले पाहिजे. वाङ्मयेतिहासात या पुस्तकाची नोंद ‘बोधपर भाषांतर’ म्हणून होते व तेथेच विषय संपतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. मराठीत मुलांसाठी छापलेले आरंभीचे गद्य संवादाच्या अंगाने आले, ही गोष्ट बोधापेक्षा अधिक महत्त्वाची होती. (भा. रा. भागवत यांनी १९५१ मध्ये मुलांचे मासिक काढले तेव्हा त्याचे नाव ‘बालमित्र’ असेच ठेवले.)

यानंतर मात्र दोन गोष्टी घडल्या आणि त्यांनी कानाचा अधिकार काढून घेतला. पहिली गोष्ट म्हणजे गद्याचे प्रमाणीकरण. मेजर टॉमस कँडी हे या कामातील प्रमुख पुरुष. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातील त्यांचा वाटा, शालेय पुस्तकांच्या भाषेवर त्यांनी केलेले संस्करण आणि १८५० ची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ यांचा परिणाम आजही आपल्या प्रत्येक वाक्यावर आहे. विरामचिन्हे ही मुळात डोळ्याची सोय. शाळेत मात्र ती श्वासाची शिस्त झाली. स्वल्पविराम म्हणजे अल्प थांबा व पूर्णविराम म्हणजे पूर्ण थांबा, या समीकरणाने वाचन शिकविले जाऊ लागले. मराठी वाक्याचे स्वाभाविक थांबे पदबंधाच्या शेवटी, बहुधा विभक्तीच्या प्रत्ययानंतर किंवा ‘की’ या अव्ययापाशी येतात. त्यांचा आणि छापील चिन्हांचा मेळ सर्वत्र बसत नाही, हे कोणत्याही वर्गात पाच मिनिटे बसल्यास कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षा. १८५५ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाले. पुढील दशकात निकालावर अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात आली. डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्यांना लोक ‘दिपोटी’ म्हणत, शाळेत येऊन मुलांना वाचावयास लावीत आणि मुलाच्या उच्चारावर शाळेचा पैसा अवलंबून राही. अशा व्यवस्थेत शिक्षकाने मुलांस गोष्ट वाचून दाखविणे हा वेळेचा अपव्ययच ठरणार. वाचनाची दिशाच उलटी झाली. पूर्वी जाणता वाची आणि बाकीचे ऐकत. आता नेणता वाचू लागला आणि जाणता ऐकू लागला, तोही चूक पकडण्यासाठी. ज्या ग्रंथांची निवड झाली ती ‘नीती’ आणि ‘शुद्धता’ या दोन कसोट्यांवर. माझ्या मते आजही शाळेतील ग्रंथनिवडीमागे याच दोन कसोट्या उभ्या आहेत. त्यांची नावे मात्र बदलली आहेत. नीतीला आपण ‘मूल्यशिक्षण’ म्हणतो आणि शुद्धतेला ‘प्रमाणभाषा’.

ठाणे व कल्याण ही गावे या इतिहासात कडेला नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी मुंबईहून ठाण्यास आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली, आणि मुंबईत छापलेले पुस्तक त्याच दिवशी या गावांत येऊ लागले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्यास १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी. केवळ मराठी ग्रंथांच्या संग्रहासाठी काढलेली ही पहिली मोठी संस्था, मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्याही पाच वर्षे आधीची. म्हणजे ग्रंथ होते, वाचकही होते. परंतु ग्रंथालय आणि शाळा यांच्यामध्ये एक अंतर राहिले, आणि ते रस्त्याचे नसून भाषेचे होते.

ज्या भूमीवर ही नगरे वाढली ती आगरी, कोळी, कुणबी, कातकरी, ठाकर व वारली यांची. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) उत्तर कोकणातील या बोलींची नोंद आहे. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘ल’, आणि दोन स्वरांमधील ‘ड’च्या जागी ‘र’ ही त्यांतील काहींची परिचित लक्षणे: पाणी नव्हे पानी, काळा नव्हे काला, घोडा नव्हे घोरा. ही लक्षणे नियमबद्ध आहेत. ती एका ध्वनिव्यवस्थेची अंगे असून जिभेचा आळस नव्हेत, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नकोच. शाळेत मात्र ती ‘चुका’ म्हणून मोजली जातात. पाठनिरीक्षणाच्या निमित्ताने कल्याणकडील एका वर्गात मी असा प्रसंग पाहिला आहे. इयत्ता सातवीतील एका मुलास ओळीत चार ठिकाणी थांबविण्यात आले, चारही वेळा ‘ण’साठी. पाचव्या वेळी तो स्वतःच थांबला आणि पुढे वाचेना. उताऱ्यात काय लिहिले होते हे त्या तासिकेत कोणासच, शिक्षकालासुद्धा, उरले नाही. शिक्षक निर्दय नव्हते. ते दिपोटीचे काम करीत होते, दिपोटी जाऊन शतक लोटले तरी.

शिक्षकाने वाचावे आणि मुलांनी ऐकावे, या पद्धतीचे पहिले समर्थन येथे आहे. ऐकणाऱ्याच्या उच्चाराची परीक्षा होत नाही. त्याच्या कानात मात्र ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद शेकडो वेळा, अर्थासहित, जाऊन बसतो. दुसरी भाषारूपे माणूस प्रथम ऐकून ओळखतो, मग बोलतो. हा क्रम शाळेतच उलटा का असावा, याचे उत्तर मला कोठे मिळालेले नाही. शिवाय आजच्या ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील वर्गांत केवळ बोलीभाषक मुलेच नसतात. १९४९ मध्ये कल्याणलगत उल्हासनगर वसले तेव्हापासून सिंधी, आणि पुढे गुजराती, हिंदी, तेलुगू, उर्दू बोलणारी कुटुंबे या पट्ट्यात आली. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. यांतील पुष्कळ मुलांना रेल्वेच्या फलाटावरचे मराठी येते. ग्रंथाचे मराठी त्यांनी कधी ऐकलेलेच नसते. ते त्यांना ऐकविल्याशिवाय वाचावयास सांगणे म्हणजे चाल न ऐकविता भजन म्हणावयास सांगण्यासारखे आहे.

आता निवडीची कसोटी. ज्या पुस्तकाचे वाक्य कानाने धरता येते तेच घ्यावे, असे मी म्हणेन. आणि ‘सोपे शब्द’ हा या कसोटीचा अर्थ नव्हे. अपरिचित शब्द कान सहज ओलांडतो. प्रसंग कळत असेल तर मूल दहा अनोळखी शब्द सोडून पुढे जाते. अडचण होते ती वाक्याच्या घडणीची. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून तोवरची सर्व नामे ऐकणाऱ्यास स्मरणात वागवावी लागतात. त्यातच नामापूर्वी धातुसाधित विशेषणांची रांग लागली की कान हरतो. ‘नदीपलीकडच्या वाडीत काल रात्री आलेल्या पाहुण्याने आणलेल्या घोड्यावर बसलेल्या मुलाला ताप आला’ हे वाक्य डोळ्याला कळते, कारण डोळा मागे जाऊ शकतो. हेच कानासाठी सांगावयाचे तर आजी म्हणेल: ‘काल रात्री नदीपलीकडच्या वाडीत एक पाहुणा आला. त्याने घोडा आणला होता. त्या घोड्यावर जो मुलगा बसला होता, त्याला ताप आला.’ ‘जो’ ऐकताच ‘तो’ येणार हे कानाला कळते. ‘आलेल्या’ ऐकून पुढे काय येणार ते कळत नाही. वृत्तपत्री व शासकीय गद्याने पहिली रीत फार वाढविली आणि मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या माहितीपर पुस्तकांत ती सर्रास दिसते. अशी पुस्तके चांगली असली तरी ती मूकवाचनाची होत.

याच्या उलट मराठीची एक सोय इंग्रजीस नाही. आपल्याकडे प्रथमपुरुषी क्रियापदसुद्धा बोलणाऱ्याचे लिंग सांगते. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ यांतून कोण बोलतो हे ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ न जोडता उमगते. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’, ‘अगं’, ‘अहो’ यांनी नाते व मानपान कळतो. म्हणून संवादप्रधान मराठी पुस्तक आवाज न बदलताही वाचता येते. वर्गात नाटकी आवाज काढणाऱ्या शिक्षकास तेराचौदा वर्षांची मुले प्रथम हसतात आणि मग कंटाळतात, ही बाब अनुभवी शिक्षक जाणतात.

या कसोटीने पाहिले असता वाङ्मयाचा नकाशा जरा वेगळा दिसतो. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ (१९०६) या मासिकांनी मुलांसाठी वाचनीय मराठी घडविले यात शंका नाही. पण ती मासिके घरी एकट्याने वाचावयाची होती. वाचून दाखविण्यासाठी म्हणून जणू आकारास आलेले मराठी पुस्तक एकच, आणि ते म्हणजे साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेलेले व १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक प्रकरणांत नव्हे तर रात्रींत विभागलेले आहे. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. ऐकणारे पुस्तकातच बसलेले आहेत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आणि छात्रालयातील मुलांचा सांगाती म्हणून गुरुजींनी जी सहा वर्षे घालविली, त्या सवयीचा ठसा या रचनेवर आहे असे मानावयास हरकत नाही. एक रात्र साधारणतः एका तासिकेत वाचून होते. कोणत्याही शिक्षकाने हे पुस्तक निवडले तर त्याचा कान चांगला आहे असेच म्हणावे लागेल.

तरीही ते वर्षारंभी हाती घेण्याचे पुस्तक आहे काय? पुस्तकात एक प्रसंग आहे. एका महार म्हातारीच्या डोकीवरची मोळी खाली पडलेली असते. तिला हात लावून मदत कर आणि मग येऊन आंघोळ कर, असे आई श्यामला सांगते. कोकणातल्या त्या काळच्या ब्राह्मण घरात हे बोलणे धाडसाचेच होते. लेखकाची सहानुभूती कोठे आहे याविषयी तर संशयच नाही. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण करणारा हा माणूस. पण वाचन मूक असते तेव्हा तो शब्द वाचकाजवळ राहतो. प्रकट वाचनात तो शिक्षकाच्या तोंडून पन्नास मुलांच्या समोर उच्चारला जातो, आणि त्या पन्नासांतील काहींच्या घराला तो लागलेला असतो. माना कोणाकडे वळतात हे शिक्षकाला दिसते. मदत केल्यावर आंघोळ, या क्रमातील दुसरा भाग त्या मुलांनी कसा ऐकावा?

येथे दोन सोपे मार्ग सुचतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. ती रात्र गाळावी हा पहिला. असे गाळलेले पुस्तक मुले ग्रंथालयातून आणतातच, आणि आपल्यापासून काय लपविले गेले ते त्यांना तत्काळ समजते. ‘हे जुन्या काळचे आहे’ असे प्रास्ताविक करून वाचावे हा दुसरा; जात जुनी झाली असे ऐकून मागच्या बाकावरील कोणी मनात हसेल. माझे मत असे की निवड एका पुस्तकाची नसून पुस्तकांच्या क्रमाची असते. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) आधी वाचले गेलेले असेल, तर ‘श्यामची आई’तील तो प्रसंग वर्ग निराळ्या कानांनी ऐकतो. ज्या अंगणात श्याम मदतीस जातो त्या अंगणाच्या पलीकडची बाजू मुलांनी आधीच, प्रथमपुरुषी, ऐकलेली असते. शांताबाई स्वतः प्राथमिक शिक्षिका होत्या आणि त्यांचे गद्य आखूड, सांगण्याच्या लयीचे आहे. शीर्षकातील ‘माज्या’ आणि ‘जल्माची’ हे दोन शब्दच वर्गातील निम्म्या मुलांना सांगून जातात की छापील पानावर आपल्या घरच्यासारखे बोलणेही बसू शकते.

बोलीतील पुस्तके वर्गात वाचावीत की नाही याविषयी शिक्षकांत संकोच असतो. मुले ‘अशुद्ध’ उचलतील अशी भीती असते. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने ही भीती निराधार आहे. फलटणच्या बोलींतील वैविध्यावर १९७३ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या आणि १९८६ मध्ये तेथेच कमला निंबकर बालभवन ही शाळा उभारणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. बोलींचा अभ्यास आणि साक्षरतेचा आग्रह यांत त्यांना विरोध दिसला नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) किंवा ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचताना निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणे माणदेशीत असते. श्रोत्याचा कान दोन्हींत ये-जा करतो, आणि ही ये-जा हेच भाषिक शिक्षण होय. ‘बनगरवाडी’चा निवेदक कोवळ्या वयाचा शिक्षक आहे व मेंढरांच्या गावात शाळेला मुले मिळविणे हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे, हेही तेरा वर्षांच्या श्रोत्यांना गंमतीचे वाटते, शिक्षकाची फजिती ऐकण्यास कोण उत्सुक नसतो? प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधील (१९९४) लंपन कर्नाटक सीमेवरचे कानडीमिश्रित मराठी बोलतो. ते मोठ्याने वाचणे कठीण आहे. शिक्षकाने घरी दोनदा वाचून पाहिल्याशिवाय वर्गात नेऊ नये. पण लंपनच्या मनातील त्या वयाची अवघड लाज, मैत्री, मृत्यूची पहिली ओळख ही ज्या आडवळणाने येते, तशी उपदेशपर पुस्तकांत कधी येत नाही.

आपल्याच जिल्ह्याचे एक पुस्तक या यादीत असावे असे मला फार वाटते: गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०). १९४५ पासूनच्या वारली उठावाची ही हकीकत उंबरगाव, डहाणू, तलासरीची, म्हणजे त्या काळच्या ठाणे जिल्ह्याची. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे बांधले जाणारे ‘लग्नगडी’ लोकलच्या रुळांपासून फार दूर नव्हते, हे डोंबिवलीच्या मुलांना अन्यत्र कोठे सांगितले जात नाही. पुस्तक सबंध वाचण्याजोगे नाही. संघटनेचा तपशील त्या वयास जड जातो. निवडक भाग मात्र विलक्षण ऐकवतात, कारण लेखिकेने वारल्यांचे बोलणे जवळून ऐकलेले आहे. त्याच भागात, त्याच वर्षी, ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ चालविली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे न्यावी, हे तत्त्व त्यांनी जागेबाबत पाळले. भाषेबाबतही ते पाळता येते.

निवड कोणी करावी हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. हवानाच्या विडी–चिरूट कारखान्यांत १८६५ पासून एक विलक्षण प्रथा सुरू झाली. कामगार तंबाखू वळीत बसत आणि उंच आसनावरील वाचक त्यांना वृत्तपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत आणि पुढची कादंबरी कोणती हे मतदानाने ठरवीत. त्यांनी द्यूमा निवडला, ह्यूगो निवडला. ज्यांना शाळा मिळाली नव्हती त्यांची निवड काही वाईट नव्हती. याहून जवळचे उदाहरण फ्रान्सचे. दानिएल पेनाक या शिक्षक-कादंबरीकाराने १९९२ च्या आपल्या पुस्तकात वाचनाचा तिटकारा आलेल्या किशोरांपुढे झ्यूसकिंडची ‘परफ्यूम’ वाचावयास घेतल्याचे सांगितले आहे. प्रश्न नाहीत, टिपणे नाहीत, केवळ वाचन. ‘परफ्यूम’ ही खुनाची कादंबरी. आपल्या शाळेत ती चालणार नाही, आणि चालावी असा माझा आग्रहही नाही. पण वाचनानंतर प्रश्न विचारू नयेत हा भाग घेण्याजोगा आहे. गोष्ट संपताच ‘यावरून काय बोध घ्याल?’ असे विचारले की इसापनीतीपासूनची सगळी दिपोटीगिरी त्या एका वाक्यात परत येते.

भाषांतरांविषयी थोडे. राम पटवर्धन यांचे ‘पाडस’, म्हणजे मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या ‘द यर्लिंग’चे भाषांतर, फ्लॉरिडाच्या रानातील कुटुंबाला अस्सल मराठी बोलणे देते, म्हणून ते ऐकवते. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेले ‘तोत्तोचान’ लहान लहान प्रकरणांचे असल्याने तासिकेत नीट बसते; मात्र ते आठवीनववीपेक्षा सहावीसातवीला अधिक मानवते. अन्य पुष्कळ भाषांतरे अर्थाने बरोबर व कानाने परकी असतात. एक पान मोठ्याने वाचून पाहावे. जीभ अडखळली की पुस्तक बाजूला ठेवावे. विनोदाची कसोटीही हीच. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आजच्या मुलांना कळतो का, असे विचारणाऱ्यांनी तो एकदा वाचून दाखवावा. संदर्भ जुने झाले आहेत, परंतु स्वतःची फजिती गंभीरपणे सांगणाऱ्या माणसाचा सूर जुना झालेला नाही. डोंबिवलीत आयुष्य घालविलेल्या शं. ना. नवरे यांच्या कथाही अशाच बोलक्या आहेत, आणि त्यांतील माणसे मुलांना शेजारच्या जिन्यावर भेटण्यासारखी आहेत.

शेवटी हिशेब. सावकाश वाचता मिनिटास सुमारे शंभर शब्द होतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हजेरी व स्थिरस्थावर वगळून तीस मिनिटे उरली तर तीन हजार शब्द. आठवड्यास अशी एक तासिका मिळाली आणि परीक्षा, सुट्ट्या, पावसाने बंद पडलेल्या गाड्या वजा जाता तीस आठवडे हाती आले, तर वर्षाकाठी नव्वद हजार शब्द. म्हणजे फार तर दोन मध्यम पुस्तके. सातवी ते नववी या तीन वर्षांत सहा. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीच्या क्रमिक पुस्तकांतील ‘स्थूलवाचना’चे पाठ यांत धरलेले नाहीत, ते परीक्षेचे आहेत. या सहा पुस्तकांना पन्नास प्रती लागत नाहीत, प्रत्येकी एक पुरते. ती प्रत कल्याणच्या किंवा ठाण्याच्या ग्रंथालयात बहुधा आहेच. शिक्षकाच्या नावावर एका वर्षासाठी ती राहू देणे एवढा नियम बदलावा लागेल.